तिसरं ॲप घेण्याआधी

प्रश्न: मी चौदा जणांच्या टीमची प्रमुख आहे. कामांची नोंद ठेवायला दोन वर्षांत आम्ही दोन ॲप वापरली. पहिलं किचकट म्हणून सोडलं. दुसरं सोपं आहे, तरी वेळेवर कोणी भरत नाही. आज ६३ कामं उघडी आहेत आणि आठवड्याला साधारण ९ पूर्ण होतात. बरीचशी ‘९० टक्के पूर्ण’ दिसतात आणि तिथेच अडकून राहतात. खरी परिस्थिती कळायला हवी असेल तर एका ज्येष्ठ सहकाऱ्यांची वही बघावी लागते. (मी स्वतः ॲप फारसं उघडत नाही. शुक्रवारी त्यातून अहवाल निघतो तो बघते आणि सोमवारच्या मीटिंगमध्ये लाल कामांचा जाब विचारते.) आता वरिष्ठ म्हणतात, महिन्याभरात नवं ॲप निवडा, बजेट मंजूर आहे. मी दोन डेमो पाहिले, दोन्ही आवडले. कुठलं घेऊ? आणि टीमला शिस्त कशी लावू?

उत्तर: कुठलंच घेऊ नका, निदान सहा आठवडे तरी. डेमो आवडले यात नवल नाही. डेमोतल्या टीममध्ये कोणी रजेवर नसतं, कोणाला साहेबांची धास्ती नसते आणि मागणी ऐन वेळी बदलत नाही. तिथे कुठलंही ॲप छानच चालतं.

तुमच्या पत्रातला सगळ्यात कामाचा मजकूर तुम्ही कंसात टाकला आहे. जरा टीममधल्या एखाद्याच्या जागी बसून बघा. काम अडलंय अशी मंगळवारी खरी नोंद केली, तर शुक्रवारपर्यंत ती कोणी वाचत नाही, मदत तर येतच नाही. सोमवारी मात्र सगळ्यांसमोर उत्तर द्यावं लागतं. नोंदच केली नाही, किंवा ‘९० टक्के’ लिहून ठेवलं, तर आठवडा सुखात जातो. शहाणा माणूस यातलं काय निवडेल? तुमची टीम बेशिस्त नाही. तुम्ही नकळत जे नियम घालून दिलेत, ते ती नेमाने पाळते आहे. तिसरं ॲप आलं तरी सोमवार तोच राहणार.

आता त्या वहीचं बघू. वहीत खरं का उतरतं? ते सहकारी स्वतः जाऊन विचारतात, ‘कुठे अडलंय?’ आणि उत्तर मिळालं की लगेच पुढचा फोन लावतात. खरं सांगण्याचा तिथे काहीतरी उपयोग होतो, म्हणून लोक खरं सांगतात. त्यांच्याशेजारी अर्धा तास बसा आणि ते एका कामाबद्दल नेमकं काय लिहितात ते पाहा. बहुधा चारच गोष्टी असतील: काम कोणतं, कोणाकडे आहे, कशासाठी थांबलंय आणि पुढे कोणाशी बोलायचं. मग तुमच्या ॲपमध्ये एका कामाला किती रकाने भरावे लागतात ते मोजा. गेल्या महिन्यात ज्या रकान्यावरून कोणीही एकही निर्णय घेतला नाही, तो आजच बंद करता येईल. (वही मात्र काढून घेऊ नका. ते सहकारी रजेवर गेले की सगळं अंधारात, हा धोका खरा आहे. पण त्यावरचा उपाय वही बंद करणं हा नाही.)

‘माणसं महत्त्वाची, साधनं दुय्यम’ हे वाक्य भिंतीवर लावण्यापुरतं उरलंय, म्हणून त्यामागचे दोन पुरावे सांगतो. कॅलिफोर्नियातल्या फ्रीमाँटचा जनरल मोटर्सचा कारखाना १९८२ मध्ये बंद पडला. गैरहजेरी, तक्रारी आणि सदोष गाड्या यांसाठी तो बदनाम होता. १९८४ मध्ये टोयोटाबरोबर भागीदारीत तो ‘नूमी’ (NUMMI) या नावाने पुन्हा सुरू झाला. बहुसंख्य कामगार जुनेच, युनियन तीच, यंत्रसामग्रीही काही जगावेगळी नव्हती. तरी काही वर्षांतच तिथल्या गाड्यांचा दर्जा कंपनीच्या सर्वोत्तम कारखान्यांच्या बरोबरीला गेला. त्याच दशकात जनरल मोटर्स इतर कारखान्यांत रोबोंवर अफाट पैसा ओतत होती, आणि तिथे तसं फळ आलं नाही. फ्रीमाँटमध्ये बदललं होतं ते वागणं. दोष दिसला की कामगाराने वरची दोरी ओढायची, मग टीम लीडर धावत मदतीला येणार, आणि ठरलेल्या अवधीत प्रश्न सुटला नाही तर अख्खी लाईन थांबणार. दोरी काय, कोणालाही टांगता येते. ती ओढल्यावर येणारा माणूस कपाळाला आठ्या घालून येतो की बाह्या सरसावून, यावर ती दुसऱ्यांदा ओढली जाणार की नाही हे ठरतं.

दुसरा पुरावा शस्त्रक्रियागृहातला, आणि तो जास्त बोचरा आहे. जागतिक आरोग्य संघटनेने २००८ मध्ये शस्त्रक्रियेसाठी १९ मुद्द्यांची एक तपासयादी आणली. भूल देण्याआधी, छेद घेण्याआधी आणि रुग्णाला बाहेर नेण्याआधी असे तीन थांबे. दुसऱ्या थांब्यावर खोलीतल्या प्रत्येकाने आपलं नाव आणि काम सांगायचं. आठ शहरांतल्या रुग्णालयांचा अभ्यास २००९ मध्ये प्रसिद्ध झाला, त्यात मृत्यूंचं प्रमाण १.५ टक्क्यांवरून ०.८ वर आणि गुंतागुंतीचं ११ वरून ७ वर आलेलं दिसलं. पुढे कॅनडातल्या ओंटारिओ प्रांतातल्या १०१ रुग्णालयांची आकडेवारी २०१४ मध्ये आली. तिथे यादी वापरल्याच्या नोंदी भरपूर होत्या, पण मृत्यूंचं प्रमाण ०.७१ वरून ०.६५ एवढंच उतरलं आणि संख्याशास्त्राच्या कसोटीवर तो फरक टिकला नाही. या तफावतीच्या कारणांवर तज्ज्ञांचे वाद आहेत आणि पहिल्या अभ्यासाच्या पद्धतीवरही आक्षेप आहेत. तरी एक स्पष्टीकरण वारंवार पुढे येतं, ते असं की यादीवर खुणा करणं आणि यादीच्या निमित्ताने खरोखर थांबून एकमेकांशी बोलणं या दोन वेगळ्या गोष्टी आहेत. मुख्य सर्जन थांबले नाहीत तर बाकीचे खुणा करून मोकळे होतात. तुमच्या ‘९० टक्के’ची जातकुळी तीच.

तेव्हा आधी नेमकं अडतं कुठे ते शोधा. अलीकडे पूर्ण झालेली शेवटची दहा कामं घ्या. सलग घ्या, निवडू नका. निवडायला गेलात की वाईटात वाईट आठवतात आणि चित्र बिघडतं. प्रत्येक कामाच्या चार तारखा लिहा: मागणी आली तो दिवस, प्रत्यक्ष हात लागला तो, ‘झालं’ असं कळवलं तो, आणि समोरच्याने स्वीकारलं तो. मधे काम कितीदा थांबलं, किती दिवस आणि कशासाठी, हे ते काम करणाऱ्यालाच विचारा. प्रश्न ‘कशासाठी थांबलं’ असा विचारायचा. ‘कोणामुळे’ असं विचारलंत की तपासाऐवजी चौकशी सुरू होते आणि सगळे सावध होतात. मग थांबण्याच्या दिवसांची पाच ढिगांत वाटणी करा. निर्णय मिळाला नाही. मागणी अर्धवट किंवा संदिग्ध होती. झालेलं काम परत आलं. मधे दुसरं तातडीचं घुसलं. टूलमुळे खोळंबा झाला. दहा कामांना मिळून तीन-चार तास पुरतात. निर्णयाच्या ढिगातले किती दिवस तुमच्या स्वतःच्या टेबलावर गेले ते वेगळं लिहा. हा आकडा बघायला धैर्य लागतं. पाचवा ढीग सगळ्यात मोठा निघाला तर आमचं म्हणणं मागे घेतो, खुशाल नवं ॲप घ्या. सहसा तो सगळ्यात छोटा निघतो.

त्याच सुमारास चौदाही जणांशी एकेकट्याने बोला. पंचवीस मिनिटं, दिवसाला दोघं, म्हणजे कामाचे सात दिवस. समोर लॅपटॉप नको. प्रश्न तीनच. गेल्या पंधरा दिवसांत कुठलं काम अडलं आणि ते पहिल्यांदा कोणाला सांगितलं? कुठली नोंद तुम्ही फक्त मला दाखवायला करता? कुठला निर्णय तुम्हाला घेता आला असता, पण माझ्यासाठी थांबलात? तुमचं काम ऐकण्याचं आणि लिहून घेण्याचं. समर्थन करायची उबळ येईल, विशेषतः तिसऱ्या प्रश्नाला. ती गिळा. पहिल्या तीन-चार जणांकडून ‘सगळं ठीक आहे’ असंच ऐकू येईल, कारण ते अंदाज घेत असतात. म्हणून पहिल्या दोन दिवसांत जी एखादी छोटी, सहज सुटणारी अडचण कळेल, ती तिसऱ्या दिवशी सोडवून टाका. बाकीच्यांपर्यंत ती बातमी तुमच्याआधी पोचते आणि पाचव्या माणसापासून बोलणं मोकळं होतं. उलट सगळ्यांचं ऐकून महिनाभर काहीच केलं नाही, तर न विचारलेलं बरं होतं अशी गत होते.

तिसऱ्या प्रश्नाच्या उत्तरांतून पंधरा-वीस निर्णयांची यादी निघेल. ती एका पानावर तीन रांगांत मांडा: ‘करा, सांगायचीही गरज नाही’, ‘करा आणि कळवा’, ‘आधी विचारा’. सध्या बहुतेक सगळं तिसऱ्या रांगेत असणार. त्यातले निदान निम्मे पहिल्या दोन रांगांत सरकवा. सरकवताना मर्यादा आकड्यात लिहा. ‘छोटे बदल स्वतः करा’ या वाक्याचा काही उपयोग नाही. ‘दोन दिवसांपेक्षा कमी काम वाढत असेल तर स्वतः ठरवा’ असं लिहिलं की उपयोग होतो. तिसऱ्या रांगेतल्या प्रश्नाला कामाच्या एका दिवसात उत्तर देण्याची जबाबदारी तुमची, आणि तुम्ही नसाल तेव्हा कोण उत्तर देणार त्यांचं नावही त्याच पानावर हवं.

हे पान कुठे फसतं तेही सांगून ठेवतो. दोन-तीन आठवड्यांत कोणीतरी मर्यादेत राहून असा निर्णय घेईल, जो तुम्ही कधीच घेतला नसता. तो फिरवलात की पान संपलं. पुन्हा सगळे तुमच्या दाराशी. निर्णय मर्यादेतला असेल आणि त्याने कोणाचं भरून न येणारं नुकसान होत नसेल, तर तो राहू द्या. त्यावर नंतर खाजगीत बोला, आणि गरज वाटली तर मर्यादा बदला. ती पुढच्या निर्णयापासून लागू.

आता त्या ६३ कामांचा हिशेब. उघडी कामं भागिले दर आठवड्याला पूर्ण होणारी कामं, म्हणजे एका कामाला लागणारा सरासरी काळ. कामांची आवक-जावक साधारण सारखी असली की हा नियम लागू पडतो, आणि अमेरिकी संशोधक जॉन लिटल यांनी १९६१ मध्ये तो गणिताने सिद्ध केला. तुमच्याकडे ६३ भागिले ९, म्हणजे सात आठवडे. तीच माणसं आणि तोच वेग धरूनही उघडी कामं २७ वर आणली, तर मागणी आल्यापासून तीन आठवड्यांत काम हातावेगळं होईल. कुठलंही ॲप विकत घेऊन हा फरक पडणार नाही. कारण कुठली ३६ कामं आत्ता थांबवायची आणि ती ज्यांची आहेत त्यांना ‘आत्ता नाही’ हे कोण सांगणार, हा ॲपचा प्रश्नच नाही. ते सांगणं तुमचं काम आहे. टीममधल्या कनिष्ठांवर ते ढकललंत तर ते सगळ्यांनाच ‘हो’ म्हणतील आणि ६३ चे ७० होतील. थांबवलेली कामं एका वेगळ्या यादीत ठेवा, पंधरा दिवसांनी एकदा तपासा, आणि एक काम संपल्याशिवाय त्या यादीतलं दुसरं आत घेऊ नका. एका माणसाच्या हातात एका वेळी दोनच कामं. चौदा जणांची २८ होतात, म्हणजे आकडा जवळपास तोच. पहिल्या आठवड्यात ‘माझ्या हाताला काम नाही’ असं कोणी म्हणेल, तेव्हा घाईने तिसरं देऊ नका. त्यांना दुसऱ्याचं अडलेलं काम सोडवायला पाठवा.

टक्के काढून टाका. स्थिती तीनच असू द्या: सुरू नाही, सुरू आहे, झालं. चौथी खूण फक्त ‘अडलंय’ ही, आणि तिच्यापुढे ‘काय हवंय, कोणाकडून’ एवढं एक वाक्य. ९० टक्के हा आकडा मोजून येत नाही. उरलेलं काम अजून नीट दिसत नाही, तेव्हा तो तोंडातून निघतो. काम तीन दिवसांपेक्षा मोठं असेल तर त्याचे तुकडे करा, म्हणजे ‘झालं’ की ‘नाही झालं’ एवढंच विचारावं लागेल. ‘झालं’ म्हणजे काय हे तुमच्या टीमने एकट्याने ठरवू नये. ज्यांच्या हातात काम जातं त्यांच्याकडून तीन ओळी लिहून घ्या. परत येणाऱ्या कामांचा ढीग बराचसा तिथेच आटतो.

यापुढची गोष्ट सगळ्यात अवघड, आणि ती सर्वस्वी तुमच्या हातात आहे. कोणी ‘अडलंय’ अशी खूण केली की तुमच्या पहिल्या दहा सेकंदांवर पुढचा महिना अवलंबून असतो. ‘हे आधी का नाही सांगितलं?’ हा प्रश्न कितीही मऊ आवाजात विचारला तरी ती शिक्षाच असते. त्याऐवजी ‘बरं झालं सांगितलंत. काय हवंय, कोणाकडून?’ असं म्हणा आणि त्याच दिवशी काहीतरी हलवा, निदान एक फोन. नुसतं गोड बोलून फोन केला नाहीत तर आठवड्याभरात तेही ओळखलं जातं. चेहऱ्याचंही भान ठेवा. लोक मॅनेजरचे शब्द ऐकण्याआधी चेहरा वाचतात.

हे जमू लागलं की लाल खुणा वाढतील. घाबरू नका आणि वरिष्ठांनाही आधीच कल्पना देऊन ठेवा. अमेरिकी संशोधक एमी एडमंडसन यांनी १९९० च्या दशकात रुग्णालयांतल्या गटांचा अभ्यास केला, तेव्हा चांगलं नेतृत्व आणि चांगले संबंध असलेल्या गटांत औषधांच्या चुका जास्त नोंदल्या गेलेल्या दिसल्या. आधी हे कोडंच वाटलं. मग लक्षात आलं की त्या गटांत चुका जास्त होत नव्हत्या, त्या बोलून दाखवण्याची तिथे मोकळीक होती. तुमच्याकडे आज जेवढं लाल दिसतं त्यापेक्षा खरं लाल जास्त आहे, एवढं धरून चाला.

म्हणजे कोणाला काही बोलायचंच नाही का? बोलायचं. चूक लवकर सांगणारा, चूक लपवणारा आणि काम टाळणारा यांना एकाच मापाने मोजू नका. पहिल्याला मदत करा. दुसऱ्याशी एकांतात बोला आणि लपवावंसं का वाटलं ते आधी समजून घ्या. तिसऱ्याशीही एकांतातच, पण तारखा आणि कामं समोर ठेवून स्पष्ट बोला, आणि काय बदलायला हवं व कधीपर्यंत हे लिहून द्या. चौदांतला एखादा असा असतो. त्या एकासाठी तेरा जणांना सोमवारी उभं करणं हा महागडा उपाय आहे. बाकीच्यांना तो कोण हे माहीतच असतं, आणि तुम्ही त्याच्याशी बोलत नाही याचाच त्यांना जास्त त्रास होतो.

सोमवारची मीटिंग बंद करा. रोज पंधरा मिनिटं, ॲप सगळ्यांसमोर उघडं ठेवून. सुरुवात संपत आलेल्या कामांपासून करायची, नव्यांपासून नाही. माणसामाणसाने ‘काल काय केलं’ सांगत बसायचं नाही, कामं पुढे सरकवायची. अडलेल्या कामावर तिथेच चर्चा रंगू देऊ नका, कोण कोणाशी कधी बोलणार एवढं ठरवून पुढे जा. तुमच्याकडे अडलेले निर्णयही त्याच ॲपमध्ये, तुमच्या नावापुढे, सगळ्यांना दिसतील असे टाका. त्यात एखादा लाल असेल तर तो तुम्ही आधी वाचून दाखवा. नोंदी वेळेवर भरणाऱ्यांना बक्षीस वगैरे ठेवू नका. नोंदी वाढतील, खरेपणा घटेल. शुक्रवारच्या अहवालाची तुम्हाला गरजच उरायला नको, कारण गुरुवारपर्यंत सगळं तुम्हाला ठाऊक असेल.

ॲप निर्दोषच असतं असं मात्र नाही. ‘माणसं महत्त्वाची’ असं म्हणत लोकांना एकच माहिती तीन ठिकाणी हाताने भरायला लावणारे साहेबही असतात, आणि ती माणसांची कदर नव्हे. तीच नोंद दोनदा करावी लागत असेल, एक काम अपडेट करायला मिनिटाहून जास्त लागत असेल, बाहेर फिरणाऱ्यांना फोनवरून नोंद करता येत नसेल, किंवा आपलीच माहिती त्यातून बाहेर काढता येत नसेल, तर दोष टूलचा. आधी आहे त्यातच ते दुरुस्त होतं का पाहा. नाही झालं तर नवं निवडताना डेमो तुम्ही एकट्याने बघू नका. टीममधले तिघं निवडा, त्यातले एक ते वहीवाले सहकारी, आणि तुमची खरी दहा कामं त्या ॲपमध्ये दोन आठवडे चालवून बघायला सांगा. त्यांचा नकार आला तर तो माना.

वरिष्ठांना काय सांगायचं? ‘आम्हाला ॲप नको’ असं म्हणू नका. मंजूर बजेट नाकारणारा माणूस विचित्र दिसतो, आणि पुढच्या वेळी खरी गरज असताना ते मिळत नाही. दहा कामांचा कागद घेऊन जा. पाच ढिगांतले दिवस दाखवा आणि म्हणा, ‘खोळंब्यातला टूलचा वाटा एवढा आहे. सहा आठवडे द्या, मग याच पद्धतीने पुढची दहा कामं मोजून दाखवते. तोवर बजेट राखून ठेवा.’ त्यांच्या कार्यालयातून येणारे निर्णय किती दिवस अडतात हेही त्या कागदावर असेलच. ते तुम्ही बोलून दाखवू नका. कागद त्यांच्यासमोर ठेवा आणि त्यांना वाचू द्या.